खाऱ्या पाण्यातलं चित्र

मी मूळची कोल्हापूरचीच, पावणं. अब्बा पाट्या रंगवायचे, दुकानाच्या, दवाखान्याच्या, आणि मी अक्षरांत रंग भरत भरतच मोठी झाले. फ्लेक्स आलं, पाट्यांचं काम गेलं, मग अब्बा घाट उतरून मालवणकडं होड्यांवर नावं रंगवायला जायला लागले. मीबी संगं जायची. मला जलरंगाचं याड, आणि अब्बांना ते पटायचं न्हाय, कागदावरचं कोण ईकत घेतंय म्हणायचे. काय सांगू तुम्हाला, एकदा वैतागलेच. म्हणाले, आज एक चित्र पुरं करून दाव, न्हायतर ह्यो रंगाचा डबा बंद, उद्यापास्नं होड्या रंगवायच्या.

समोर तिथली मासळीवाली रुक्मिणकाकी वाळूत मासळी निवडत बसलेली. लोक समुद्र काढत्यात, माड काढत्यात, सूर्य बुडताना काढत्यात, आणि सकाळधरनं कंबर मोडून बसलेली बाई कुणाला दिसतच न्हाय. मला तीच काढायची हुती. पण ऊन असलं कडक, की बाटलीतलं पाणी मीच पिऊन टाकलं, आणि म्हटलं, संपलं तर संपलं, एवढा समुद्र हाय की. घाटावरची अक्कल. त्यात ब्रश बुडवून चित्र काढलं, तर ते वाळंना. दुपार झाली तरी ओलं, रंग एकमेकांत घुसलेलं. काकी हात पुसत आली, बघून हसायला लागली, मीठ लावलंस गो चेडवा, माका सुकवतंस काय? बाकीच्या बायकाबी हसल्या. मला रडूच आलं, अब्बा काय म्हणालेत ते सांगून टाकलं.

तशी काकी माघारी वळली. उन्हाळ्यात तिथं गोडं पाणी लांबच्या विहिरीवरनं डोक्यावर आणायचं, तरी तिनं आपल्या कळशीतलं तांब्याभर माझ्यापुढं ठेवलं. निवडलेली मासळी परत टोपलीत ओतली आणि पहिल्यासारखी बसली. आता काढ, म्हणाली, मी हयच आसय.

अब्बांनी ते नवं चित्र लई येळ बघितलं. मग एवढंच म्हणाले, खाली आपलं नाव घाल.

आता दर वर्षी मालवणला जाते. जाळी इणणारे, सुकट वाळवणाऱ्या, लिलावात भांडणाऱ्या, सगळी काढलीत. गेल्या हिवाळ्यात हितं कोल्हापुरात प्रदर्शन लावलं, तर काकी एसटीनं घाट चढून आली. स्वतःच्या चित्रापुढं उभी राहिली, पदर नीट केला, आरशापुढं करावा तसा. अब्बांना आता कमी दिसतं. त्यांनी इचारलं, आली का ती? व्हय म्हटलं, तर उठले आणि आपली खुर्ची तिच्याकडं सरकवली. अल्ला तिचे गुडघे धड ठेवो, पावणं, अजून लई चित्रं बाकी हायत.