पाय होता

(दातांचा दवाखाना, रविवारची सकाळ. खुर्चीत काका, त्यांच्यासमोर भिंतीवर चालू टीव्ही. ताई ही डॉक्टरांची थोरली बहीण. दवाखान्यातली मदतनीसही तीच.)

डॉक्टर : ...याला खेळ म्हणायचं? दोन माणसं हिरवळीवर फिरायला निघतात, त्यांची पिशवी उचलायला तिसरा, आणि जगभरातले लोक घरी बसून त्यांचं फिरणं बघतात. माझे सासरे रोज फिरतात, त्यांचं नाही कोणी दाखवत! गोल्फ म्हणे. आ करा, काका. अजून मोठा. हां. आता मुंगी चावल्यासारखं वाटेल.

ताई : मुंगी नाही, गांधीलमाशी. आधीच सांगते, नंतर मला बोल लावू नका.

काका : आं...

डॉक्टर : झालं! कळलंसुद्धा नाही.

काका : कळलं.

डॉक्टर : आता ओठ जड होईपर्यंत निवांत टीव्ही बघा. तुमच्यासाठीच लावलाय.

ताई : पेशंटसाठी लावलाय, आणि रिमोट याच्या खिशात असतो.

डॉक्टर : अगं, रिमोट पेशंटच्या हातात दिला की काय होतं ते बघितलंयस ना? मागे एकाने फुटबॉल लावला. आता फुटबॉल वाईट नाही, पण ती लोळालोळ! जरा बोट लागलं की हा गुडघा धरून आडवा. इथे मी अक्कलदाढ मुळासकट उपटतो, तरी माणूस उठून आपल्या पायांनी घरी जातो. टेनिसमध्ये किंचाळण्याचे वेगळे गुण ठेवायला हवेत. क्रिकेट चांगलं आहे, दुपारी ज्यांना झोप लागत नाही त्यांच्यासाठी. मोटारींच्या शर्यतीत गाडी दमते आणि हार माणसाच्या गळ्यात. हॉकी तेवढी खरी. पापणी लवली की चेंडू या टोकाचा त्या टोकाला!

ताई : आणि खेळाडूंचे दात दातांच्या डॉक्टरकडे.

डॉक्टर : तेही खरंच. तुम्ही बघता का हॉकी, काका?

काका : बघायचो. हल्ली सून लावू देत नाही.

डॉक्टर : का?

काका : बघताना हात हलतात माझे. परवा तिच्या हातातला चहाचा कप उडवला.

डॉक्टर : ऐक, ताई! याला म्हणतात रसिक. ही घ्या, हॉकीच लावली. काका, तुम्ही आजपासून आपले. कुठल्या संघाचे?

काका : कुठल्याच नाही.

डॉक्टर : असं कसं? हॉकी बघायची आणि बाजू नाही घ्यायची? म्हणजे लग्नाला जायचं आणि न जेवता परत यायचं.

काका : सवय.

डॉक्टर : ओठ जड झाला वाटतं, शब्द घसरायला लागला. चला. दुखलं तर डावा हात वर करा. ताई, दिवा जरा खाली घे. अहो, ही तर चांगलीच रुतून बसलीय. पंच निघाला हा, ताई.

ताई : काका, दचकू नका. जी दाढ हलता हलत नाही तिला इथे पंच म्हणतात. का म्हणतात ते आता हा सांगेल. नको म्हटलं तरी सांगेल.

डॉक्टर : सांगायलाच हवं! तुम्ही रसिक आहात म्हणजे ती राष्ट्रीय स्पर्धेची फायनल पाहिलीच असणार. आपण एका गोलने पुढे. शेवटचं मिनिट. मी तेव्हा कॉलेजात. त्यांचा फटका येतो, आपला बचावपटू लंबू गोलरेषेवर उभा, आणि तो चेंडू अडवतो. स्टिकने! स्वच्छ, डोळ्यांदेखत, स्टिकने! आणि तो मिशाळ पंच काय म्हणतो? पाय लागला. पेनल्टी स्ट्रोक! झाली बरोबरी. जादा वेळेत आपण हरलो.

काका : अं... अं...

डॉक्टर : तुम्हालाही राग येतोय ना? येणारच. मी टेप मिळवलीय त्या सामन्याची. हजारदा बघितलीय. पुढे-मागे करून, थांबवून, भिंगातून बघितलीय. पाय कुठेच नाही.

ताई : याच्या लग्नातल्या टेपवरची धूळ अजून पुसायचीय.

डॉक्टर : आमच्या बाबांनी त्या दिवशी संतापाने टीव्ही बंद केला तो केलाच. एवढ्या शांत माणसाची ही गत! तो पंच एकदा या खुर्चीत बसू दे, भूल न देता चारही अक्कलदाढा काढीन. मग म्हणेन, बघा हो, पाय लागला का.

काका : अं! अं अं!

डॉक्टर : हलू नका, आली, अर्धी आली... काय झालं? दुखतंय? हात वर केलात... पण हा तर उजवा. आणि डाव्याने खाली काय दाखवताय? थुंकायचंय का?

ताई : मला नाही वाटत त्यांना थुंकायचंय. तू टीव्हीकडे बघ.

डॉक्टर : टीव्हीवर काय... स्ट्रोक दिलाय. पंचाने एक हात वर केलाय आणि एक... एक खाली, ठिपक्याकडे.

ताई : यांनी त्याच्या आधी केला.

डॉक्टर : आधी? म्हणजे हे...

ताई : अरे, चिमटा धरून उभा काय राहिलास? दाढ अर्धी बाहेर आहे.

डॉक्टर : ताई, यांच्या तोंडावर मिशा ठेवून बघ.

ताई : कुठून आणू मिशा?

डॉक्टर : मनात ठेव! हेच ते. मी इतका वेळ आतून बघत बसलो, बाहेरून बघितलंच नाही.

ताई : असतील तेच. दाढ काढ.

डॉक्टर : काका, खरं सांगा, तुम्हीच ना तो...

ताई : ते मान हलवतायत. हो म्हणतायत. आता भूल दिलेली आहे, तिचं काही करता येणार नाही. काढ.

डॉक्टर : काढतोय. काढतोय ना! कामाच्या बाबतीत मी कधी... हं. निघाली. घ्या. मुळासकट आहे, कुठे तुटलेली नाही. बघून घ्या, नाहीतर नंतर म्हणाल.

ताई : हा कापूस चावून धरा, काका. अर्धा तास बोलायचं नाही.

डॉक्टर : अर्धा तास? आणि मला जे विचारायचंय ते?

ताई : तूच सांगतोस ना सगळ्यांना, बोललं की रक्त थांबत नाही म्हणून?

डॉक्टर : मग मानेने सांगा. तुम्हाला तेव्हा नीट दिसलं होतं का? हो? बरं. चष्मा लागला होता का तेव्हा? नाही? कोणी काही सांगितलं होतं का वरून, की यजमानांना जिंकू द्या वगैरे?

ताई : आता ते उठतायत. बसा, काका, चक्कर येईल. अरे, काय हे विचारणं!

डॉक्टर : मग टेपमध्ये स्टिक दिसते त्याचं काय?

काका : फाय होता.

डॉक्टर : कापूस! कापूस कशाला काढलात?

काका : फाय होता.

डॉक्टर : फाय?

ताई : ओठ बधिर आहे त्यांचा. पाय म्हणतायत.

काका : आधी फाय. मग स्टिक. कॅमेरा फलीकडच्या बाजूला होता. मी समोर.

डॉक्टर : मी हजार वेळा बघितलंय, काका!

काका : मी एकदाच. म्हणून सांगतोय.

डॉक्टर : म्हणजे काय?

काका : तुम्ही दर वेळी लंबूचा चेहरा बघता. मला चेहरे बघायचे नसतात.

ताई : थांबा, नवा कापूस देते. हा भिजला.

डॉक्टर : एवढी खात्री होती तर नंतर कधी बोलला का नाहीत? पेपरात, टीव्हीवर? लोक काय काय म्हणत होते.

काका : म्हणत नव्हते. फेकत होते. घराच्या काचा गेल्या. मुलगी शाळेत मार खाऊन आली, दोन दात फडले तिचे. दुधाचे होते, आले फरत. आम्ही मात्र गाव सोडलं.

डॉक्टर : ...मुलीचे दात?

काका : फुढे मला मोठा सामना दिला नाही कोणी. शाळांचे दिले. शाळेतली फोरं बरी, हरली की रडतात आणि घरी जातात.

ताई : झालं का तुमचं बोलून? आता मुकाट्याने हा चावा. आणि तू. इतका वेळ झाला, काय बोललास कळतंय का तुला? भूल न देता म्हणे.

डॉक्टर : मी ते... सगळ्याच पेशंटना सांगतो मी ते.

ताई : तेच म्हणतेय मी.

डॉक्टर : मी दगड नाही मारला कोणाच्या घरावर. मी आपला घरात बसून ओरडलो. बाबाही ओरडले.

ताई : बाबा ओरडले?

डॉक्टर : टीव्ही बंद केला त्यांनी!

ताई : तुझ्या तोंडामुळे केला. पंचाच्या आईपर्यंत पोचला होतास तू, आणि आपली आई शेजारच्या खोलीत. विसरलास? बाबा म्हणाले होते, पाय होता रे, बरोबर दिलाय. त्यावर तू काय म्हणालास तेही सांगू?

डॉक्टर : पेशंटसमोर घरातलं काढू नकोस.

ताई : ते घरातलेच झालेत आता. काका, हा बाबांना म्हणाला, तुम्हाला खेळातलं काय कळतं. त्यानंतर हा हॉकी बघायला मित्राकडे जायचा. बाबांनी परत कधी लावली नाही. हा सगळ्यांना सांगतो, पंचाच्या रागाने सोडली म्हणून.

डॉक्टर : काका, तुम्ही कशाला मान हलवताय? हे तुम्हाला नाही विचारलेलं.

ताई : रिक्षा आलीय तुमची, बाहेर हॉर्न वाजतोय. हळू उतरा. आज गरम काही नको, चूळही भरायची नाही. गोळ्या जेवणानंतर.

डॉक्टर : आणि काका... पुढच्या रविवारी या. टाके काढायला.

ताई : टाके घातलेच नाहीयेत तू.

डॉक्टर : मग जखम दाखवायला या. असंच. याच वेळेला. उपांत्य सामना आहे.

काका : येईन. फण मी कोणाच्या बाजूने नसेन.

डॉक्टर : नका असू. खुर्ची जरा मागे घेऊ, हात हलायला जागा होईल. जा सावकाश. पायरी आहे तिथे, बघून.

ताई : ...गेले. बिचारे जाताना तुला नमस्कार करत होते, तू ट्रे पुसत होतास. रोज मी पुसते तो.

डॉक्टर : ताई, बाबा त्या दिवशी कुठे बसले होते गं? माझ्या शेजारीच ना?

ताई : बसले कुठे? उभे होते. आपला जुना टीव्ही, अँटेनाची तार हातात धरली तरच चित्र स्थिर राहायचं. सोडली की नुसत्या मुंग्या. अख्खी फायनल ते टीव्हीला टेकून तार धरून उभे होते. आई म्हणाली, बसा थोडं. म्हणाले, त्याचा सामना जाईल.

डॉक्टर : म्हणजे त्यांना चित्र नीट दिसतच नसणार. एका बाजूने, तिरकं.

ताई : दिसायचं तेवढं दिसायचं. काचेला नाक लागलेलं होतं त्यांचं.

डॉक्टर : आणि मी त्यांना म्हणालो...

ताई : म्हणालास. बाहेर ती शाळेतली बाई कधीची थांबलीय, रूट कॅनालची. पाठवू आत?

डॉक्टर : पाठव.

ताई : टीव्ही बंद करू का? शेवटची पाच मिनिटं राहिलीत, आपलेच खेळतायत.

डॉक्टर : राहू दे. आवाज तेवढा बंद कर.