काठोकाठ भरलेली पेटी

सांगतोय खरं, पण सगळं नीट आठवतंय याची खात्री नाही. साल पंचावन्न असेल, नाहीतर छप्पन. लासुर्ण्याच्या शेतावरच्या आमच्या जुन्या ट्रॅक्टरच्या स्टिअरिंगच्या गिअरपेटीतून तेल गळायचं. मी दोनदा सील बदललं, तरी सकाळी खाली डबकं असायचंच. कालव्याच्या पाण्याची पाळी चार दिवसांवर आलेली आणि नांगरट अर्धी. शेवटी थकून बारामतीहून मिस्त्री आणला.

त्यानं झाकण उघडलं. "निम्मी भरायची पेटी काठोकाठ कुणी भरली? मग तेल गळणारच की."

आमचे ड्रायव्हर तात्या म्हणाले, "मीच. बैलगाडीच्या आसाला वंगण द्यावं तसं रोज सकाळी भरतो. सायबांनीच सांगितलं हाय."

"मी? तात्या, मी ट्रॅक्टरचं पुस्तक वाचलंय!"

"मग ऱ्हायलं. माझीच आयकण्यात चूक झाली आसंल."

मिस्त्री हसला. "तात्या, तुमची बैलंच बरी की!"

दुसऱ्या दिवशी मी तात्यांना खरंच बैलांमागं लावलं. ट्रॅक्टर त्यांच्या हाती पुन्हा दिला नाही.

तात्या वारल्यावर बऱ्याच वर्षांनी माझी तेव्हाची वही सापडली. त्यात माझ्याच अक्षरात लिहिलं होतं : 'तात्यांना बजावले. पेटी रोज काठोकाठ भरणे.'