कॉम्प्युटर आवडे छे?

चूक झाली की नोकरी जाते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या सुमनला नोकरी चुकीमुळेच मिळाली.

सुमन माझी भाची. सांगलीहून चित्रकलेचा डिप्लोमा घेऊन बडोद्याला माझ्याकडे आली, तेव्हा कॉम्प्युटर नुकते आले होते आणि हाताने डिझाइन काढणाऱ्यांना जो तो दारातूनच परत पाठवत होता. शेवटी दांडिया बाजारातल्या एका छापखान्यात मालक कांतिभाईंनी विचारलं, "कॉम्प्युटर आवडे छे?"

ही म्हणाली, "हो, खूप!" लगेच कामावर घेतलं.

पहिल्याच दिवशी दुपारी रडत घरी. "मावशी, मला तो सुरूसुद्धा करता येईना!"

"अगं बाई, गुजरातीत 'आवडे छे' म्हणजे 'येतं का'!"

"मला वाटलं, आवडतो का विचारतायत."

तिला तशीच उठवून छापखान्यात नेली. मी चौथी पास, पण बोलायला कुणाच्या बापाला भीत नाही. म्हटलं, "कांतिभाई, पोरगी खोटं बोलली नाही. आमच्या मराठीत तिला आवडतो, तुमच्या गुजरातीत अजून आवडत नाही. मी भरतकामाचे नमुने काढायला अशीच शिकले. आधी आवडलं, मग आलं."

ते हसले. "आवडी जशे, मासी." म्हणजे, येईल.

आलंही. पण परवा तिथे आणखी नवं मशीन आलं, आणि एवढ्या वर्षांची डिझायनर पुन्हा तोंड पाडून माझ्या दारात. मी एवढंच विचारलं, "आवडे छे?"

"कुठल्या भाषेत विचारतेस, मावशी?"

"आधी आपल्या."