मी नुसती बाळ घेऊन उभी होते

...आणि वर मलाच विचारतात, "ब्रिटा, तू बाळाला पुढे केलंसच कशाला?" पुढे केलं? मी? अहो, मी कुणाला पुढेबिढे केलं नाही! मी नुसती बाळ घेऊन उभी होते! रस्त्याच्या कडेला, सावलीत, तिच्या डोक्यावर टोपी, माझ्या डोक्यावर टोपी, उन्हाचं क्रीम कानांच्या मागेसुद्धा चोपडलेलं. माझा नवरा, कोरी, म्हणतो कानांच्या मागे ऊन लागत नाही. लागत नसेल! पण लागलं तर? तुम्हाला सांगते, ही झाल्यापासून नऊ महिन्यांत मी दुसरा विचारच केलेला नाही. 'पण लागलं तर?' एवढाच.

तर आमच्या गावात कणसांच्या जत्रेची मिरवणूक. पुढे शाळेचा बँड, मागे ट्रॅक्टर, त्यामागे आगीचा बंब, आणि मधेमधे उमेदवार, पोरांसाठी गोळ्या-चॉकलेटं उधळत. यंदा ॲटर्नी जनरलची निवडणूक ना! म्हणजे राज्याचा सगळ्यात मोठा वकील, जो आपल्या वतीने कंपन्यांना कोर्टात खेचतो. खरी लढत नोव्हेंबरात. पण त्याआधी ऑगस्टात प्रायमरी, पक्षाचा उमेदवार कोण ते ठरवायला. आणि उभे कोण, तर दोघं, एकाच पक्षाचे! वेगवेगळ्या पक्षांचे असते तर बरं झालं असतं, लोक भांडले असते, मोकळे झाले असते. एकाच पक्षाचे म्हटल्यावर सगळे गोड बोलणार. आणि आमच्या मिनेसोटात लोक जास्त गोड बोलायला लागले की समजावं, आतून पेटलंय.

एक उमेदवार रेनी ब्रॅटलँड, राजधानीतल्या वकीलबाई. दुसरे वेंडेल टॉर्कल्सन, आमच्याच जिल्ह्याचे जुने सरकारी वकील, सज्जन माणूस, भला माणूस, आणि... इथेच सगळी गोम आहे... मार्लिसचे सख्खे भाऊ.

मार्लिस कोण? अहो, मार्लिस म्हणजे माझा प्राणवायू! आमच्या समोरच राहतात, चार मुलं वाढवलेली बाई, त्या माझी सिग्ने सांभाळणार होत्या. गावात पाळणाघर एकच. तिथे नाव घातलंय मी, पण सिग्नेचा नंबर लागेल तेव्हा ती स्वतः गाडी चालवत जाईल तिथे. आणि मला औषधांच्या दुकानात कामावर परत रुजू व्हायचं होतं, प्रायमरीच्या दुसऱ्याच दिवशी, बुधवारी. मालक म्हणाले होते, "काही घाई नाही हं ब्रिटा, अगदी सावकाश... मग बुधवारी येतेसच ना?" आमच्याकडे ही धमकी असते. म्हणजे मार्लिस आहेत तर नोकरी आहे. मार्लिस नाहीत तर मी घरात बसून बाळाच्या कानांमागे क्रीम लावणार.

तर मी उभी. समोरून ब्रॅटलँडबाई आल्या. डोक्यावर काय, तर हे एवढं मोठं कापडी कणीस! पिवळंधमक, वरून हिरवी पानं लोंबतायत. "अगंबाई, किती गोड! घेऊ का?" आता सांगा, मी काय म्हणायला हवं होतं? 'नाही' म्हणायला हवं होतं. पण आमच्याकडे 'नाही' म्हणायची पद्धतच नाही हो! आजोबांच्या पायावरून कुणाची गाडी गेली होती तेव्हा आजोबाच "माफ करा" म्हणाले होते. मी म्हटलं, "हो हो, घ्या ना." आणि ही माझी कार्टी, जी सख्ख्या आजीकडे जाताना भोकाड पसरते, ती कणीस बघून खुदकन हसली! दोन दात दाखवून! कॅमेरा, कचकच कचकच.

तेवढ्यात मागून ट्रॅक्टरवरून वेंडेल उतरले. "अरे, ही तर आमची सिग्ने! ये ये, मामाकडे ये!" घरचा माणूस, रोज मार्लिसच्या कुंपणावरून हिला टा-टा करतो. उचललं तिला प्रेमाने. आणि नेमका त्याच क्षणाला मागच्या आगीच्या बंबाने भोंगा दिला. भों-ओं-ओं! मीच किंचाळले, तिची काय कथा? तोंडाचा आ, डोळे गच्च, गाल लालबुंद, नाकातून... जाऊ दे. कॅमेरा, कचकच कचकच.

यात माझा दोष कुठे? मी नुसती बाळ घेऊन उभी होते!

पुढच्या आठवड्यात घराघरांत पत्रक आलं. ब्रॅटलँडबाईंचं. गुळगुळीत कागद. डावीकडे त्यांच्या हातात हसणारी सिग्ने, उजवीकडे वेंडेलच्या हातात किंचाळणारी सिग्ने, आणि खाली मोठ्या अक्षरांत, 'लहान मुलांनाही कळतं.'

कोरीला दाखवलं. तो म्हणतो, "फोटो मस्त आलेत की!" मी म्हटलं, "कोरी, हे राज्यभर गेलंय! मार्लिसच्या घरी गेलंय!" तो म्हणाला, "मग तू त्या बाईंच्या कचेरीत फोन कर ना." केला. तिथे एक मुलगा होता, "मॅडम, तुमचं बाळ फार प्रभावी ठरतंय." प्रभावी! अजून तिला नीट उभं राहता येत नाही, कलंडते!

धीर करून, सिग्नेला कडेवर घेऊन, गेले मार्लिसकडे. पत्रक टेबलावरच होतं, कॉफीच्या मगाखाली. मी म्हटलं, "मार्लिस, अहो ते फोटोचं... तो भोंगा वाजला हो..." त्यांनी पत्रकाकडे पाहिलं. त्यावरचा कॉफीचा डाग पुसला. मग म्हणाल्या, "वेगळंच आहे हं."

संपले मी! तुम्हाला कळतंय का? वेगळंच! घरी येऊन कोरीला सांगितलं, तर म्हणतो, "मग? छान म्हणाल्या ना?" अरे, छान? तुझ्या आईने माझ्या लग्नातल्या केसांना 'वेगळेच आहेत हं' म्हटलं होतं आणि त्यानंतर चार वर्षं फोटो भिंतीवर लावला नाही! 'वेगळं' म्हणजे आमच्याकडे तोंडावर मारलेली चपराक! आणि दुसऱ्या दिवशी मार्लिस स्वतः गरमागरम भांडं घेऊन दारात. खिमा, घेवडा, वर बटाट्याच्या गोळ्यांचा थर, ओव्हनमध्ये भाजलेलं. असं भांडं आमच्याकडे कधी आणतात? कुणी गेलं की! मी विचारते, कोण गेलं? माझी नोकरी गेली का? विचारायची सोय नाही. मी म्हटलं, "अय्या, कशाला त्रास घेतलात!" त्या म्हणाल्या, "त्रास कसला." आणि दोघी हसत उभ्या. बापरे, ते हसणं! गाल दुखायला लागले माझे.

बरं, आता तुम्ही म्हणाल, एवढं आहे तर वेंडेलना मत दे, मोकळी हो, मार्लिसच्या कानावर घाल. तेच तर जमत नव्हतं ना! आमच्याकडे एक पाळणा होता, बाजूचा कठडा वरखाली होणारा. सिग्ने चार महिन्यांची असताना एका दुपारी तो कठडा आपोआप सटकन खाली आला. मी तिथेच होते. तिचा पाय धरला मी, नुसता पाय. कंपनीला फोन केला तर म्हणतात, "बाई, तुम्ही स्क्रू नीट आवळला नसेल." आणि मी विश्वास ठेवला हो! मी, रसायनशास्त्राची पदवी घेतलेली, किती दिवस स्वतःला शिव्या देत होते, एक स्क्रू आवळता येत नाही, आई व्हायला निघाली. मग बातम्यांत आलं, ब्रॅटलँड नावाच्या एका वकीलबाईंनी त्या कंपनीला कोर्टात ओढलं, कठड्याचा खटकाच सदोष निघाला, सगळे पाळणे परत घ्यायला लावले. स्वयंपाकघरात उभी राहून रडले मी. माझा स्क्रू बरोबर होता!

आणि त्याच बाईंनी असलं पत्रक काढलं. आणि ज्या भल्या माणसाचं नाक कापलं, त्याच्या बहिणीच्या हातात माझं लेकरू. सांगा, कुणाला द्यायचं मत?

मंगळवारी सकाळी दारावर टकटक. मार्लिस. "मतदानाला निघालीस? चल, मी सोडते." ना-ही. म्हणता. येत. नाही. बसले गाडीत. रस्ताभर हवामान. "पाऊस येईल वाटतं." "येईल हं." "कणसांना बरं." "हो, कणसांना बरं." कणीस म्हटल्यावर मार्लिसने रेडिओ लावला! चर्चपाशी पोचल्यावर त्या म्हणाल्या, "बाळाला ठेव माझ्याकडे, निवांत जाऊन ये." मी इतक्या जोरात "नको!" म्हटलं, की जन्मातलं पहिलं 'नको' असावं ते.

चर्चच्या तळघरात मतदान. कागद घेतला, आडोशाला गेले. दोन नावं, दोन रिकामी वर्तुळं. पेन टेकवलं... आणि सिग्नेने पेन धरलं! दोन्ही मुठींनी! सर्रकन रेघ, या वर्तुळातून त्या वर्तुळात. मी घाबरून तो कागद तसाच मतं मोजणाऱ्या मशीनमध्ये सारला, मशीनने टूं करून परत बाहेर फेकला. टेबलापाशी बसलेल्या आजी चष्मा वर करून, सगळ्या तळघराला ऐकू जाईल अशा आवाजात, "अगं ब्रिटा, बाळाने दोघांनाही दिलंय की गं!" लोक हसले. हळूच, सभ्यपणे, मान खाली घालून. माझं तोंड भाजल्यासारखं झालं. नवा कागद मिळाला. या वेळी तिचे दोन्ही हात माझ्या एका हातात, डोळे मिटले, पाळणा आठवला, मार्लिसचं भांडं आठवलं, डोळे उघडले, एक वर्तुळ भरलं.

बाहेर आले. मार्लिसने विचारलं, "झालं?"

"झालं."

"पाऊस येईल वाटतं."

वेंडेल हरले. फार नाही, थोडक्यात. तेच वाईट! मोठ्या फरकाने हरले असते तर बाळावर कशाला आलं असतं? बुधवारी सकाळी सिग्नेची पिशवी, दूध, बदलायचे कपडे, तिचा ससा, सगळं घेऊन रस्ता ओलांडला. बेल वाजवली. कुणी येईना. पुन्हा वाजवली. मनात म्हटलं, झालं, मालकाला फोन करावा. आणि दार उघडलं... वेंडेल! पायात सपाता, हातात कॉफी. सिग्नेचा खालचा ओठ पुढे आला. आतून मार्लिस म्हणतात, "ये ये ब्रिटा! वेंडेलने निवडणुकीसाठी नोकरी सोडली होती ना, आता मोकळाच आहे. सकाळी तोच बघेल हिला. चालेल ना?"

चालेल ना! काय म्हणणार? "हो हो, घ्या ना."

तेव्हापासून रोज हेच. मी बाळ देते, बाळ भोकाड पसरतं, तो भला माणूस डोक्यावर चहाची किटली झाकायची पिवळी लोकरी टोपी घालून तिच्यासमोर नाचतो. मला म्हणतो, "राज्य गेलं ब्रिटा, आता हे एकच मत उरलंय, हे मिळवणार." परवा ती हसली म्हणे. मार्लिसने फोटो काढलाय आणि फ्रिजवर लावलाय. मी पाहिला. दोन दात, पिवळी टोपी, आणि वेंडेलचे डोळे पाणावलेले. मी म्हटलं, "सुंदर आहे." मनापासून म्हटलं.

आणि काल ब्रॅटलँडबाईंच्या कचेरीतून फोन, "मॅडम, नोव्हेंबरच्या लढतीसाठी बाळ मिळेल का?" मी सिग्नेला दुसऱ्या कडेवर घेतलं. मग म्हटलं, "कल्पना वेगळीच आहे हं." पलीकडचा मुलगा इथलाच असावा. "माफ करा" म्हणून त्याने फोन ठेवला.

तसं सगळं सुरळीत आहे. फक्त रोज सकाळी बाळ हातात घेताना वेंडेल क्षणभर माझ्याकडे बघतात. विचारत नाहीत. आमच्याकडे विचारत नाहीत. नुसतं बघतात आणि म्हणतात, "मतदानाच्या दिवशी पाऊस होता, नाही?" आता तुम्हीही तसंच बघताय माझ्याकडे! कुणाला दिलं, कुणाला दिलं... अहो, मला काय विचारता? मी नुसती बाळ घेऊन उभी होते!