गाल धरून वाचायची पुस्तकं

तेवीस जानेवारी, गुरुवार. आकाश स्वच्छ, गारवा बेताचा, वारा नाही. — नाही नाही, तुम्हाला नाही सांगत, वहीत लिहितेय. लिहिताना तोंडानं बोलायची सवय आहे मला. तुम्ही मात्र बोलू नका, बोळा हलेल. लवंगेच्या तेलाचा बोळा वीस मिनिटं दाढेत घट्ट बसला पाहिजे, तोंड मिटून, मगच डॉक्टर आत घेतात. काही हवं असेल तर मान हलवा — हो असेल तर खाली-वर, नाही असेल तर... हां, कळतं तुम्हाला. फॉर्मवर लिहिलंयत ना, शिवणयंत्रं दुरुस्त करता म्हणून. यंत्रवाल्यांना एकदा सांगितलं की पुरतं. मास्तरांना तीनदा सांगावं लागतं.

ते? ते राहू द्या. म्हणजे — घ्या, घ्या, पण मी दिलं असं म्हणू नका. म्हणजे तुम्ही म्हणणार तरी कसे म्हणा, तोंडात बोळा. तुम्हाला ते स्टुलावर सापडलं. स्टूल मी तुमच्या गुडघ्याला लागेल असं सरकवलं हे खरं, पण सापडलं तुम्हाला. डॉक्टरांनी मला शपथ घातलीय, की पेशंटच्या हातात पुस्तक द्यायचं नाही. हातात दिलंय का मी? नाही ना? झालं तर मग.

तत्त्वज्ञानाचं आहे. घाबरू नका, सगळेच आधी असे बघतात. सोपं आहे. पाच महिने लागले मला निवडायला, उगाच नाही. त्याआधी या खोलीत काय होतं, तर तो समोरचा तक्ता — किडलेली दाढ, आडवी कापलेली. अकरा वर्षं मी या टेबलाशी बसलेय आणि अकरा वर्षं माणसं त्या तक्त्याकडे बघत बसलेली पाहतेय. माणसाला आधीच दुखतंय, त्यात त्याला त्याचीच दाढ भिंतीएवढी करून दाखवायची, हे काय माणुसकीला धरून आहे का? तर मी ठरवलं, यांना काहीतरी विचार करायला देऊ. मासिकं ठेवून पाहिली, पण त्यात सगळे दात दाखवून हसत असतात. पेशंटना ते बघवत नाही.

मग जुन्या पुस्तकांच्या दुकानात गेले. दुकानदाराला म्हटलं, तत्त्वज्ञान पहिल्यांदाच वाचणाऱ्याला झेपेल असं काय आहे? त्यानं बारा काढून दिली. बाराच्या बारा घरी आणली, आणि ओट्याशी उभी राहून एकेक तपासली. माझे नियम आहेत. पहिला — मुखपृष्ठावर दाढीवाला नको. दाढीत दात दिसत नाहीत, पेशंटला वाटतं याचे गेलेच असणार. दुसरा — एखाद्याचा जन्म कुठल्या साली झाला इथून सुरुवात नको. झाला असेल, आम्ही काय करू? तिसरा — तिसऱ्या पानाच्या आत एक तरी प्रश्न पडला पाहिजे, आणि तो मान वर करून छताकडे बघायला लावणारा पाहिजे. आणि चौथा, सगळ्यात महत्त्वाचा — पुस्तक एका हातानं वाचता आलं पाहिजे. बघा, तुम्ही आत्ता कसं धरलंय? उजवा हात पुस्तकाला, डावा गालाला. इथं येणारा प्रत्येक माणूस असाच वाचतो. दोन्ही हात लागणारं पुस्तक कितीही थोर असू दे, या खोलीत फुकट आहे. मांडीवर ठेवलं की आपोआप उघडं राहिलं पाहिजे. बारातली सात त्यातच गळली. मोठमोठी नावं होती हो, पण मिटायची.

पाच उरली. आणि मग लक्षात आलं की प्रत्येक तीन-तीनशे पानांचं, आणि पेशंटकडे मिनिटं वीस. नमनालाच घडाभर तेल. काय करणार? — मी प्रस्तावना कापल्या. डॉक्टरांच्याच जुन्या पात्यानं, अगदी शिवणीलगत, एक अक्षर तुटू दिलं नाही. आणि हिरडीचे टाके घालायचा दोरा असतो ना, त्यानं शिवल्या. बघा बघा, पाठ बघा, टाका तुम्हाला कळेल. सुबक आहे ना? डोकं चालवलंय की नाही? प्रस्तावनेत लेखक माणसासारखा बोलतो, पुढे त्याचं डोकं फिरतं. तेव्हा पेशंटला तेवढीच द्यावी. बरोबर वीस मिनिटांत होते. घड्याळ लावून पाहिलंय, आमच्या यांच्यावर. आमचे हे वाचता वाचता झोपले, पण तेही एकोणिसाव्या मिनिटाला.

तर ही निळी — हिच्यात, खोलीचं दार लावून घेतलं की आतली खुर्ची असते का नसते, असा प्रश्न आहे. ही बारकी — एखाद्या वस्तूचे सगळे भाग एकेक करून बदलले तर ती तीच वस्तू का? हिच्यापायी आमचे कवळी बनवणारे तीन दिवस कामाला आले नाहीत. म्हणाले, बत्तीसच्या बत्तीस मी घडवलेले, मग घास कोण चावतंय, तो म्हातारा का मी? आणि तुमच्या हातातली जाडी, ती दुखण्याची. दुसऱ्याला दुखतंय हे आपल्याला कधी कळू शकतं का? — हां, वाचा, वाचा. मी बोलत नाही.

...

वाचताय ना? हसू नका, बोळा. नाही, मी एवढंच म्हणत होते, की लोकांना आवडतात. फार आवडतात. तिथंच तर घोडं पेंड खातं. या आठवड्यात नऊ आले आणि सात उठून गेले. दात न दाखवता! म्हणजे काय होतं, प्रस्तावनेच्या शेवटी प्रत्येक लेखक लिहितो — याचं उत्तर आपण सातव्या प्रकरणात पाहू. निळीत खरं तर नवव्या आहे, पण लोक सातवंच म्हणतात, तसंच पडलंय आता. तर माणूस तिथपर्यंत येतो, पान उलटतो, पुढे टाका. मग माझ्याकडे बघतो. मी तक्त्याकडे बघते. मग तो उठतो, बोळा काढून हातात देतो आणि तडक जुन्या पुस्तकांच्या दुकानात जातो. दुखणं घेऊन! दुकानदार खूश आहे, मला खुर्ची देतो आता बसायला. परवा एक बाई आल्या, गाल हा एवढा, म्हणाल्या, दाढेचं राहू दे हो, दाढ काय जन्माची आहे, सातवं प्रकरण द्या. आज सकाळी बसचे ड्रायव्हर गेले, पावणेदहाला. नंतर त्या शाळेतल्या बाई, सव्वाअकराला. आणि आता तुम्ही.

काही नाही. काही नाही म्हटलं ना. — बरं, ऐका, पण मनावर घेऊ नका. डॉक्टर म्हणजे माझा धाकटा भाऊ. धाकटा म्हणजे बारा वर्षांनी धाकटा, मी कडेवर खेळवलाय त्याला. काल दाराशी उभा राहून म्हणाला, ताई, उद्या एक वाजेपर्यंत माझ्या खुर्चीत एक तरी माणूस बसला नाही, तर हे पुस्तकांचं शेल्फ मी उचलणार, आणि परवापासून या टेबलाशी माझी मेहुणी बसेल. मेहुणी! तिनं नखं रंगवण्यापलीकडे काही वाचलेलं नाही. मी त्याच्यापुढे दातांच्या कण्या केल्या. म्हटलं, अरे, अकरा वर्षं मी... तर म्हणाला, अकरा वर्षं तू बरी होतीस.

आता वाजलेत बारा सव्वीस. यापुढे कुणाची वेळ दिलेली नाही. म्हणजे तुम्ही. एकटेच. पण मनावर घेऊ नका म्हटलंय ना मी.

काय? माझा गाल? नाही हो, हात टेकवायची सवय आहे अशीच. वाचताना टेकवते. लिहिताना टेकवते. — तुम्ही असे बघू नका. खालची डावी, शेवटून दुसरी. दोन वर्षं झाली. नाही, त्याला नाही माहीत. दात बघणारा भाऊ दहा पावलांवर, आणि... सांगायचं काय त्यात? तो म्हणतो, ताईला काही होत नाही, होत असतं तर ती बोलली असती, ती बोलायची थांबते कुठं! आता याच्यावर काय बोलणार? मी वाट बघतेय त्याला आपणहून कळतंय का. तुमच्या हातात आहे तेच. त्या लेखकानं मांडलंय किती नीट, की आपण दुसऱ्याच्या गालाकडे बघतो आणि आपल्या गालावरून अंदाज बांधतो. आणि ज्याचा गाल कधी दुखलाच नाही, त्यानं काय करायचं? आमच्या धाकट्याचे दात मोत्यासारखे आहेत हो. एक कीड नाही. मीच घासून द्यायचे.

पुढे? पुढे सातव्या प्रकरणात पाहू, असंच आहे. नाही, मी नाही वाचलेलं. धीर नाही झाला. समजा त्यात लिहिलं असलं की नाही कळत, कधीच नाही कळत — तर मग मी कशाची वाट बघतेय?

अहो, उठू नका! बोळा काढू नका! काढला — बरं, द्या इकडे. बसा तरी. दुकानात जाऊन काही उपयोग नाही, जाडीची तेवढी एकच प्रत होती, मी विचारून ठेवलंय. बाकीचं धड? धडं मी टाकली नाहीत, टाकीन कशी? ती — आता कसं सांगू — ती मी कापली. चौकोनी, हाताच्या पंजाएवढी. दाढेत भरायचं सिमेंट कालवायला आत काचेची पट्टी होती, ती फुटली. मग गुळगुळीत कागदावर कालवतात. जाडीचा कागद सुरेख गुळगुळीत आहे, म्हणून मी तिचे गठ्ठे करून दिले, चिकटवून. एका दाढेला एक पान. कालवलं, भरलं, पान चुरगाळून टोपलीत. म्हणजे पहिली सहा प्रकरणं गावाच्या दाढांवर खर्ची पडली असं समजा. हिशोब माझा पक्का असतो — सोमवारपर्यंत सहावं संपलं. मंगळवारपासून नुसते उठूनच जाताहेत सगळे, तर...

थांबा. थांबा हं. बसा म्हणू का नको कळेना मला. सातवं प्रकरण आत आहे! अख्खं! खुर्चीच्या उजव्या हाताला, ट्रेवर, वरच्या पानापासून. तिथं बसल्याशिवाय दिसायचं नाही, आणि दिवा वरून पडतो, तोंड उघडं ठेवूनही वाचता येईल. — अहो, चपला इथं काढा. दार ढकला, आत उघडतं. धाकट्या! अरे, पेशंट येताहेत! हो, स्वतःच्या पायांनी!

बसलात? पाठ टेका. मी इथूनच बोलतेय, दार असू दे उघडं. दिसतंय का पान? मान हलवा, मला दिसतेय तुमची मान. अरे, त्यांना आधी वाचू दे ना जरा — काय घाई आहे? मग पोखर. हां, चालू दे तुझं. आवाज बेताचा ठेव, मला इकडे पुस्तकातलं पुढचं ऐकायचंय. बारा एकेचाळीस. अहो, काय लिहिलंय? कळतं का, नाही कळत? — खरंच की, तोंडात नळी आहे तुमच्या. मग नजरेनं सांगा. अरे, सिमेंट कालवतोयस का? त्या पानावर नको! खालचं घे! धाकट्या, ऐकतोयस का, खालचं — का थांबलास? मी नुसतं खालचं म्हटलं. थांब म्हणाले का मी?

काय झालं? बाहेर का आलास हातमोजे घालून? पेशंटचं तोंड उघडं आहे तिकडे. हातात काय आहे ते — हो, पान आहे, माहितीय मला, मीच कापलंय. कशाचं 'म्हणून'? वाच नीट. 'म्हणून ज्याला दुखते त्याने सांगितलेच पाहिजे असे नाही.' बरं, मग? त्याच्या आधी काय आहे, ते मला काय विचारतोस? आधीचं तू सोमवारी त्या ड्रायव्हरच्या मुलीच्या दाढेत भरलंस. मूळ प्रश्न काय होता? प्रश्न इथं आहे. स्टुलावर. मी ठेवल्यापासून एकदा तरी हात लावलास का? — घे. दोन्ही हात नकोत, एकाच हातानं धरता येतं, मांडीवर उघडं राहतं. इथं नको बसूस, ही पेशंटची खुर्ची आहे. आत जा. त्यांच्या शेजारच्या स्टुलावर बस, त्यांनाही मोठ्यानं वाचून दाखव, बिचाऱ्यांना मान वळवता येत नाही.

माझ्याकडे काय बघतोस? हात? टेकवते मी अशीच. आत जा म्हटलं ना. दार लाव.

वहीत नोंद — एक वाजता पेशंट खुर्चीत. वरची उजवी, शेवटची. पोखरली, भरली नाही. डॉक्टर प्रस्तावना वाचत आहेत, पान नऊ. एक वाजून चार मिनिटांनी दार उघडलं. डॉक्टरांनी मला आत बोलावलं, आणि तोंड उघडायला सांगितलं.