हवा भरलेली फळी

कानाच्या डॉक्टरांकडे एकीचा मुलगा, म्हणजे दुसरीचा नवरा, आत तपासून घ्यायला गेला होता आणि बाहेर सासू-सुना दाराकडे डोळे लावून बसल्या होत्या. रिसेप्शनवरची बाई कागद चाळत होती खरी, पण तिचे कान त्या दोघींकडेच होते.

“चक्कर येणाऱ्या माणसाने पाण्यावर उभं राहायचं खूळ काढावं?”

“आई, हळू बोला. काल हॉलमध्येच हवा भरली त्यांनी. आधी गादीसारखा लुळा पडलेला तो पॅडलबोर्ड, उभं राहून वल्हवायची फळी हो ती, मग असा टणक झाला की मी टकटक वाजवून बघितला.”

“आणि हा उभा राहिला त्यावर?”

“राहिले. वल्हं हातात धरून. मग धाडकन सोफ्यावर पडले.”

“अगं बाई! घरातल्या घरात?”

“पण हसले हो, आई. आजारपणानंतर पहिल्यांदाच. मला नाही म्हणवेना. रविवारी तळ्यावर जायचं म्हणतात.”

“पोहता कुठे येतं त्याला!”

“म्हणूनच तर धास्ती वाटतेय मला.”

सासू सुनेकडे सरकली.

“किती माणसं मावतात गं त्याच्यावर?”

“दोन. का?”

“मग पुढे मी बसते. लग्नाआधी अख्खं तळं पोहून पार करायचे मी.”

“आई! कधी बोलला नाहीत?”

“या घरात विचारलंय कुणी?”