चौथ्या घड्याळावरचा हात

मी, खाली सही करणारी, वय एक्कावन्न, धंदा दागिन्यांत खडे बसवण्याचा, शिक्षण आठवीपर्यंत, राहणार छापखान्याच्या वरचा मजला, बाजारामागची गल्ली, आज पोलीस ठाण्यात आपणहून येऊन सांगते की, वरील पत्त्यावर मी व माझा धाकटा भाऊ लहानपणापासून राहत आलो आहोत. आईवडील हयात नाहीत. माझे लग्न झालेले नाही. का झाले नाही, असे अंमलदारांनी विचारले. त्याचा या तक्रारीशी काडीचाही संबंध नाही, असे मी त्यांना सांगितले.

माझा भाऊ सोन्यावर कोरीव काम करतो. पाने, वेली, पाखरे, काय म्हणाल ते कोरणीने काढतो. तो डावखुरा आहे, म्हणून कारागिरांत त्याला सगळे डावरा म्हणतात. उजव्या हाताने काम कर म्हणून वडिलांनी त्याला लहानपणी बदड बदड बदडले, पण पठ्ठ्या बधला नाही. मागच्या वर्षी एका मोठ्या घड्याळ कंपनीचा माणूस घरी आला व भावाला आपल्या कारखान्यात घेऊन गेला. कारखाना परदेशात आहे, एवढेच आम्हाला सांगितले. चोऱ्या होतात म्हणून पत्ता कोणाला देत नाहीत, असे तो म्हणाला.

सुरुवातीला भावाचे फोन येत. बोलून बोलून कान किटवायचा. मग फोन बंद झाले. कारखान्यात बोलायला मनाई आहे, असा त्याच्या नंबरवरून लेखी निरोप आला. तेव्हापासून नुसते लेखी निरोप येतात. मी मजेत आहे, काळजी नसावी, वगैरे. माझ्या भावाला दोन ओळी लिहायच्या म्हटल्या तरी घाम फुटतो, आणि हे निरोप चांगले ऐसपैस असतात. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

सध्या या शहरात घड्याळे व दागिन्यांचे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले आहे. आम्ही ज्यांच्याकडून हत्यारे घेतो, त्या हत्यारवाले काकांचा तिथे मागच्या बाजूला छोटा गाळा आहे. गिऱ्हाइकांसमोर खडे बसवून दाखवायला त्यांनी मला आज सकाळी नेले. भावाच्या कंपनीचे दालन तिथे आहे हे मला ठाऊक होते. तो दिसेल, निदान त्याला ओळखणारे कोणी भेटेल, या आशेने मी गेले. काकांना म्हणाले, "जरा पाय मोकळे करून येते."

कंपनीच्या दालनात पाय रुतेल इतका जाड गालिचा आहे. खुर्च्या रिकाम्या असतात, पण बसा कोणी म्हणत नाही. दारावरच्या माणसाने माझ्या काळ्या बोटांकडे पाहिले व कामगारांची वाट मागून आहे, असे म्हणाला. "मागूनच आले, आता पुढून बघते," असे म्हणून मी आत गेले.

मधल्या काचेच्या पेटीत चार घड्याळे पालथी मांडली होती, म्हणजे मागच्या झाकणावरचे काम दिसावे. चारही एकाच कारागिराने वर्षभरात ओळीने केली, चौथे आत्ताच पुरे झाले, असे तिथल्या मुलीने सांगितले. पहिले घड्याळ पाहताच मी ओळखले. पानाचे टोक संपताना भाऊ कोरणी झटकन उचलतो, त्यामुळे टोक केसासारखे बारीक होऊन पानाबाहेर जाते. त्यावरून मी त्याला किती वेळा झापले आहे. मला भरून आले. दुसरे, तिसरेही त्याचेच.

चौथ्यावरही तीच झटक्याची टोके होती, पण रेघा लटपटत्या, पहिलीतल्या पोराने गिरवल्यासारख्या. मी भिंग लावले. डावखुऱ्या माणसाची कोरणी एका अंगाला कलते, उजव्या हाताने काम करणाऱ्याची दुसऱ्या. रेघेची खोल कड त्याप्रमाणे बाजू बदलते. चौथ्या घड्याळावर ती उलट्या अंगाला होती. म्हणजे काम माझ्या भावाचेच, पण उजव्या हाताने केलेले. मुलगी म्हणाली, "ही थरथर बघा, हीच हाताच्या कामाची खरी खूण. याला मागणी सगळ्यात जास्त आहे."

आमच्या घरी चूक दिसली की तिथल्या तिथे, मोठ्याने बोलायची पद्धत आहे. पोटात ठेवायची नाही, वडिलांची शिस्तच तशी. त्या सवयीने मी ओरडले, "अगं, हे उजव्या हातानं केलंय! माझ्या भावाचा डावा हात कुठं गेला?" सगळे वळून बघायला लागले. गप्प राहून चौथ्या घड्याळाचा फोटो काढायला हवा होता. पण माझ्या जिभेला हाड नाही.

तेवढ्यात करड्या सुटातला एक माणूस आला. त्याला मी आधी कधी पाहिले नव्हते. त्याने मुलीकडे नुसते पाहिले आणि तिने चौथे घड्याळ उचलून आत नेले. तो माझ्याशी फार गोड बोलला. "ताई, तुम्ही दमलेल्या दिसता. घरी जा. आणि जिना सांभाळून चढा, छापखान्यापासचा तो वळणाचा जिना अंधारा आहे." मी त्याला पत्ता सांगितला नव्हता. मी त्याला म्हणाले, "घरी नाही, पोलिसांत जाते."

काकांना सोबत घेऊन निघाले. रिक्षात असताना भावाच्या नंबरवरून निरोप आला, "ताई, तमाशा करू नकोस. मला सुखानं काम करू दे." तो मी काकांना दाखवला. काका म्हणाले, "चल, आता थांबायचं नाही."

घड्याळावरच्या रेघा बघून गुन्हा कसा नोंदवू, असे अंमलदार म्हणाले. मी सांगितले, धड हात असताना डावरा उजव्या हातात कोरणी धरणार नाही, जीव गेला तरी नाही. हे बोलणे चालू असताना तो करड्या सुटातला माणूस स्वतःच ठाण्यात आला. ताईंचा गैरसमज झाला आहे, तो आत्ता दूर करतो, असे म्हणून त्याने आपल्या फोनवरून भावाला व्हिडिओ कॉल लावून दिला.

पडद्यावर भाऊ दिसला. मागे पांढरी भिंत, अंगात नवा शर्ट. तो म्हणाला, "ताई, बरी आहेस ना? मी अगदी मजेत आहे." त्याचा आवाज ऐकून मी ढसाढसा रडले. मी म्हणाले, "अरे, हाडं दिसायला लागली तुझी." तो म्हणाला, "काम असतं गं." अंमलदार हसून म्हणाले, "झालं ना समाधान?" मी डोळे पुसले व भावाला म्हणाले, "बाळा, दोन्ही हात वर कर बघू."

भावाचे हसू गेले. त्याने कॅमेऱ्याबाहेर कोणाकडे तरी पाहिले. मग उजवा हात वर केला. मी म्हणाले, "आणि दुसरा?" तो तसाच हात वर धरून माझ्याकडे बघत राहिला. मग पडद्यावर छत दिसले आणि फोन बंद झाला. तिकडे नेटवर्कची बोंब असते, असे तो माणूस म्हणाला. अंमलदारांनी उठून दार लावले व त्याचा फोन काढून घेतला. आता त्याला बाहेरच्या बाकावर शिपायाजवळ बसवले आहे. त्याला सोडू नये. मी जे ओळखले ते आता कंपनीच्या लोकांनाही कळले आहे. उशीर झाला तर माझ्या भावाच्या जिवाचे बरेवाईट होईल, अशी मला भीती वाटते.

लिहिलेले सगळे मला मोठ्याने वाचून दाखवले. मी बोलले तेच उतरले आहे, खाडाखोड नाही. एक गोष्ट राहिली होती, ती सहीआधी घालायला लावली. दोन्ही हात वर कर म्हटल्यावर, असं का सांगतेस, हे भावाने मला विचारले नाही.